'शॅम्बॉलिक'ला मराठीत काय म्हणायचं?

इंग्लंडमध्ये दोन-तीन हिवाळे काढले की काही शब्द न शिकताच अंगवळणी पडतात. 'शॅम्बॉलिक' हा त्यातला एक. गाडी रद्द झाली, तिच्या बदली लावलेली बस आलीच नाही, उशिरा आली ती भलत्याच रस्त्याने गेली, की फलाटावरचा कोणीतरी मान हलवून म्हणतो, 'शॅम्बॉलिक!' क्रिकेटच्या सामन्यात दोन्ही फलंदाज धावत एकाच टोकाला पोहोचले की समालोचकाच्या तोंडून हाच शब्द बाहेर पडतो. संसदेत विरोधी पक्षाचा खासदार सरकारच्या एखाद्या योजनेबद्दल बोलताना तो ठासून उच्चारतो. आणि शेजारीण दार उघडता उघडता, स्वतःच्या स्वच्छ दिवाणखान्याकडे हात करून, 'सॉरी, सगळं अगदी शॅम्बॉलिक आहे हं' म्हणते तेव्हाही तोच.

आपल्या शाळेत हा शब्द कोणी शिकवला नव्हता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांचं इंग्रजी पोसलं, त्या आमच्या आधीच्या पिढीलाही तो भेटला नव्हता. भेटणार कसा? छापील इंग्रजीत तो दिसू लागला तोच १९७० च्या सुमाराला. आपण शिकलो ते 'डिसऑर्डरली', 'अनटायडी', फार तर 'केऑटिक'. त्यामुळे इथे नव्याने आलेला माणूस हा शब्द पहिल्यांदा ऐकतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला 'सिम्बॉलिक' ऐकू येतं. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका मुलाला त्याच्या साहेबांनी बैठकीत सांगितलं की आपल्या नव्या प्रणालीची सुरुवात शॅम्बॉलिक झाली. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, 'आमचं काम म्हणे प्रतीकात्मक झालं!' गंमत अशी की ऐकण्यातली ही चूक अगदीच निराधार नाही. 'शॅम्बल्स' या जुन्या नामाला 'सिम्बॉलिक'सारखं शेपूट जोडून हे विशेषण कोणीतरी थट्टेत बनवलं असावं, असा कोशकारांचाही अंदाज आहे. उच्चारताना जोर 'बॉ'वर द्यायचा, शॅम्-बॉ-लिक.

मूळ नाम 'शॅम्बल्स', आणि ते पाहायला आपल्यातले बहुतेक जण नकळत जाऊन आलेले असतात. भारतातून आई-वडील आले की लंडन, एडिंबरो आणि मधे यॉर्क ही आपली ठरलेली यात्रा. यॉर्कला जुन्या गावात एक अरुंद गल्ली आहे. दोन्ही बाजूंची लाकडी घरं वरच्या मजल्यावर इतकी पुढे झुकलेली की समोरासमोरच्या खिडक्यांतून हस्तांदोलन करता येईल. आज तिथे चॉकलेटं, चांदीचे दागिने आणि जादूच्या छड्या विकणारी दुकानं आहेत, नातवंडांना तिथून ओढून आणावं लागतं. गल्लीचं नाव 'द शॅम्बल्स'. पण हे नाव काही तिच्या वेड्यावाकड्या घरांवरून पडलेलं नाही. ही खाटकांची गल्ली होती. १८७२ साली तिथे खाटकांची पंचवीस दुकानं होती, आज एकही नाही. दुकानांच्या खिडक्यांना जे रुंद लाकडी कठडे दिसतात त्यांवर मांस मांडून ठेवत. वर अजूनही कुठेकुठे लोखंडी आकडे आहेत, त्यांना ते टांगत. दोन्ही बाजूंचे पदपथ उंच आणि मधला रस्ता खोलगट, कारण कापाकापीनंतर पाणी ओतलं की सगळं वाहून जावं. आपल्याकडे जशी तांबट आळी, कासार आळी, बोहरी आळी, तशी ही खाटीक आळी. इंग्लंडात शॅम्बल्स एकच नाही, वूस्टरला आहे, मँचेस्टरलाही त्या नावाचा चौक आहे.

आता आणखी मागे गेलं की रक्तही नाहीसं होतं. 'शॅम्बल' म्हणजे आधी साधं बाक, चौरंग, घडवंची असं काहीतरी. लॅटिनमध्ये बाकाला 'स्कॅम्नम' आणि छोट्या बाकाला 'स्कॅमेलम'. तिथून तो शब्द जुन्या इंग्रजीत आला. जर्मनमध्ये त्याचा भाऊ अजून 'शेमेल' म्हणून सुखाने नांदतो आहे आणि त्याचा अर्थ स्टूल एवढाच आहे. इंग्रजीत मात्र त्या बाकाचं नशीब फिरलं. बाकावर मांस विकायला ठेवू लागले, म्हणून ते मांसाचं मेज झालं. मग मेज मांडतात तो बाजार. बाजारामागे जिथे जनावर कापतात तो कत्तलखाना. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रणांगणावरच्या कापाकापीलाही शॅम्बल्स म्हणू लागले. आणि विसाव्या शतकात रक्त सुकलं, कत्तल विसरली गेली आणि उरला फक्त पसारा. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये हा शब्द मांसाचा बाजार याच अर्थाने आला आहे, आज तो वाचणारा इंग्रज पोरगा क्षणभर थबकत असणार. पाय ओढत, फेंगडं चालणं याला इंग्रजीत 'शॅम्बल' असं क्रियापद आहे, तेही बहुधा त्या मेजाच्या फाकलेल्या पायांवरूनच आलं.

व्याकरणाची एक खोच इथेच सांगून टाकते. 'शॅम्बल्स'च्या शेवटी 'स' दिसला तरी इथले लोक त्याला एकवचनी धरतात, 'अ शॅम्बल्स' म्हणतात. अमेरिकेतली माणसं 'इन शॅम्बल्स' असंही म्हणतात. 'शॅम्बॉलिक' हे विशेषण तर ठळकपणे ब्रिटिशच. न्यू जर्सीतल्या नणंदेला ते ऐकवलं तर तिला कळेल, पण ती स्वतः म्हणणार 'मेस'. आणि 'मेस'चीही मजा आहे. त्या शब्दाचा मूळ अर्थ पानात वाढलेलं अन्न, एक वाढप. एका ताटात जेवणारी माणसं, मग त्यांचं जेवणघर, मग ताटातला कालवलेला गोळा आणि अखेर कसलाही कालवा असा त्याचा प्रवास. पुण्यात शिकायला आलेली पोरं महिन्याचे पैसे भरून ज्या 'मेस'मध्ये पोळी-भाजी खातात, तिथे तो शब्द आपल्या जुन्या अर्थाला धरून बसला आहे. त्या मेसमधली उसळ कशी असते हा प्रश्न वेगळा.

बाकाचा कत्तलखाना आणि कत्तलखान्याचा पसारा झाला हे ऐकून इंग्रजीला हसू नये. आपण याहून मोठी उडी मारली आहे. गोंधळ हा आपल्याकडे कुलाचार. लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायचा, चौक मांडायचा, दिवटी पेटवायची. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने गोंधळी रात्रभर आख्यान लावतात. त्यात केव्हा देवीला आवाहन करायचं, कोणकोणत्या देवतांना गोंधळाला बोलवायचं, आख्यान केव्हा आणि आरती केव्हा, सारं ठरलेलं. इतकी शिस्तीची गोष्ट, आणि तिचंच नाव आपण अव्यवस्थेला दिलं. 'पोरांनी काय गोंधळ घातलाय' म्हणताना कोणाच्या डोळ्यांसमोर तुळजाभवानी येत नाही, तसं 'शॅम्बॉलिक' म्हणताना इंग्रजाला बकऱ्याची तंगडी आठवत नाही. शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात ते असे.

तरी मुख्य प्रश्न राहतोच. याला मराठीत काय म्हणायचं?

आमच्याकडे शनिवारी सकाळी पाच-सहा मुलं मराठी बोलायला येतात. शिकवणी म्हणण्याइतकं काही नाही, पोहे होतात, गोष्टी होतात. त्यातल्या एका तेरा वर्षांच्या मुलीने हाच प्रश्न विचारला. मी विचारलं, 'शॅम्बॉलिक काय, ते आधी सांग.' ती म्हणाली, 'काय म्हणजे? नुसतं शॅम्बॉलिक.' मराठीत नुसतं चालत नाही, हे तिला समजावताना माझ्याही नीट लक्षात आलं.

खोली असेल तर अस्ताव्यस्त. बोलणं किंवा निबंध असेल तर विस्कळीत. पावसाने वाहतूक कोलमडली तर तीही विस्कळीत. लग्नाच्या किंवा स्पर्धेच्या आयोजनाचा बट्ट्याबोळ झाला तर नियोजन ढिसाळ. कचेरीचं काम असेल तर कारभार भोंगळ किंवा गलथान, ही दोन विशेषणं तर 'कारभार' या शब्दाशी लग्न लागल्यासारखी वागतात, वर्तमानपत्रात एकटी क्वचितच दिसतात. (विदर्भातल्या वाचकांनी हसू नये, तिकडे भोंगळा म्हणजे उघडानागडा हे मला ठाऊक आहे, आणि काही कारभारांना तो अर्थही शोभतो.) राज्यच हाताबाहेर गेलं तर अनागोंदी किंवा बजबजपुरी. आणि माणूस असेल तर? कपडे चुरगळलेले, शर्टाचं एक टोक बाहेर, तो गबाळा. गबाळ म्हणजे मुळात सटरफटर सामानाचं बोचकं, तेव्हा गबाळा माणूस म्हणजे चालतंबोलतं बोचकंच. वस्तू विसरणारा, चहा समजून ताकात साखर घालणारा तो वेंधळा. घाईघाईत सांडलवंड करणारा धांदरट. आणि अजागळ म्हटलं की मात्र शिवीच्या उंबरठ्यावर पाय पडला.

मुलीने वहीत सगळे शब्द लिहून घेतले आणि म्हणाली, 'इंग्लिशमध्ये एकाच शब्दात होतं, मराठी इज सो एक्स्ट्रा.' असेल. पण हे 'एक्स्ट्रा' म्हणजे नुसता शब्दांचा श्रीमंती थाट नाही. मराठी शब्द निवडताना बिघाड कुठे आहे हे आधी ठरवावं लागतं. वस्तूंत आहे, मांडणीत आहे, यंत्रणेत आहे की माणसात आहे? 'अस्ताव्यस्त' म्हटलं की दोष कोणाचाच नाही, आवरलं की संपलं. 'भोंगळ' म्हटलं की कोणीतरी खुर्चीत बसून जबाबदारी झटकली आहे. 'वेंधळी' म्हटलं की माणसाला दोष दिला, पण लाडाने. 'गबाळा' म्हटलं की लाड संपला. इंग्रजी 'शॅम्बॉलिक' यातलं काहीच सांगत नाही. ते फक्त सांगतं की सगळं कोसळलं आहे आणि बघणाऱ्याला त्याचं हसूही येतं आहे आणि रागही. दोष कुणाचा हे ऐकणाऱ्याने ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

म्हणूनच हा शब्द इथे वापरायची एक अलिखित रीत आहे. स्वतःबद्दल म्हणा, हवं तितकं म्हणा. 'आज मी जरा शॅम्बॉलिक आहे' म्हणत सहकारी उशिरा बैठकीत शिरतो तेव्हा वातावरण उलट सैल होतं. फक्त त्यावर 'हो, दिसतंच आहे' म्हणायचं नसतं. हे आपल्याला परकं नाही. सदाशिव पेठेत दार उघडणाऱ्या काकू 'या, या, पसाऱ्याकडे बघू नका हं' म्हणतात, तेव्हा आत जमिनीवर पडलेलं भात निवडून खाता येईल इतकी स्वच्छता असते, आणि आपणही 'कुठे पसारा?' म्हणायचं असतं. त्या 'पसारा' शब्दात जो ओलावा आहे तो स्वतःबद्दल वापरलेल्या 'शॅम्बॉलिक'मध्ये बऱ्यापैकी सापडतो.

यंत्रणेबद्दल वापरा, पण बेताने. रेल्वे, कचरापेट्यांची गाडी, क्लबाची निवडणूक, यांना शॅम्बॉलिक म्हणण्याचा हक्क प्रत्येक करदात्याला आहे. दुसऱ्या माणसाबद्दल मात्र, तेही लेखी, शक्यतो नको. 'तुमचं सादरीकरण शॅम्बॉलिक होतं' हे वाक्य 'केऑटिक' होतं म्हणण्यापेक्षा जास्त लागतं. 'केऑटिक'मध्ये परिस्थितीवर ढकलायला जागा असते, फार धावपळ होती, फार माणसं होती. 'शॅम्बॉलिक'मध्ये अकार्यक्षमतेचा वास येतो आणि वर टिंगल येते. 'मेसी' आणखी वेगळं, ते घटस्फोटापासून लहान मुलाच्या तोंडाला लागलेल्या वरणभातापर्यंत कशालाही चालतं.

हे सगळं मला कोशातून नव्हे, एका तक्रारअर्जामुळे नीट उमगलं.

आमच्याच शहरात माझी एक मैत्रीण राहते. तिचे वडील गेली सहा वर्षं तिच्याकडे आहेत. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, वय सत्याऐंशी, अक्षर अजून छापल्यासारखं. गेल्या हिवाळ्यात छातीत कफ झाला म्हणून ते आठवडाभर इस्पितळात होते. डॉक्टर चांगले, परिचारिका प्रेमळ, तक्रारीला जागा नाही. घरी सोडायच्या दिवशी मात्र सकाळी दहाला 'तयार व्हा' सांगितलं आणि ते निघाले संध्याकाळी साडेसातला. मधले साडेनऊ तास एका खुर्चीत, औषधांची वाट बघत. तेही चाललं असतं. घरी आल्यावर मैत्रिणीने पिशवी उघडली तर रक्तदाबाच्या गोळीबद्दल एका कागदावर 'सकाळी एक' आणि दुसऱ्यावर 'सकाळ-संध्याकाळ'. पाकिटावरची ताकद तिसरीच. जुनी गोळी बंद केली आहे की नाही, याचा उल्लेख कुठेच नाही. रात्रीचे नऊ वाजलेले. तिने फोन लावला, तो या विभागातून त्या विभागात फिरत राहिला. ज्या गोळीचा घोळ होता ती तिने त्या रात्री दिली नाही आणि वडिलांच्या उशाशी बसून राहिली. सकाळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या फार्मसिस्टने स्वतः फोन करून अर्ध्या तासात उलगडा केला. दोन वेळा हे चुकीचं होतं.

मैत्रीण चिडली होती, आणि चिडायलाच हवं होतं. तिने त्याच दुपारी इंग्रजीत पत्र लिहिलं आणि मला वाचायला पाठवलं. पहिल्याच वाक्यात 'शॅम्बॉलिक', दुसऱ्यात 'अटरली शॅम्बॉलिक', आणि तिसऱ्यात त्या दिवशी पाळीवर असलेल्या परिचारिकेचं नाव. मी संध्याकाळी गेले तेव्हा काका सोफ्यावर शाल पांघरून बसले होते. त्यांनी पत्र मराठीत सांगायला लावलं. आता मला ते विशेषण मराठीत आणायचं होतं आणि समोर होता सत्याऐंशी वर्षांचा अव्वल कारकून.

'गलथान' म्हणाले मी.

'कोण गलथान?' काकांनी विचारलं.

'तिथला सगळा प्रकार, काका.'

'प्रकार म्हण, मग ठीक. ती पोरगी गलथान नव्हती. माझ्यासमोर चौदा माणसं होती आणि ती एकटी धावत होती. मला दोनदा चहा आणून दिलान् तिनं. तिचं नाव काढा त्यातून.'

मैत्रीण म्हणाली, 'बाबा, पण कागद तिनंच हातात दिले ना?'

'दिले. लिहिले का तिनं? कारभार भोंगळ असला की खिडकीवर बसलेल्याला शिव्या मिळतात. मी तीस वर्षं त्याच खिडकीवर बसलोय.'

मग त्यांनी आम्हां दोघींना कामाला लावलं. वर 'विषय' लिहा. खाली 'संदर्भ', त्यात दाखल केल्याची आणि सोडल्याची तारीख. मग घटनाक्रम, वेळेसकट: दहा वाजता काय, एक वाजता काय, साडेसातला काय. दोन्ही कागदांच्या आणि पाकिटाच्या छायाप्रती सोबत, त्यांना एक-दोन-तीन क्रमांक. नंतर काय होऊ शकलं असतं ते एका वाक्यात. शेवटी आमची मागणी काय: घरी सोडताना औषधांची एकच यादी असावी, जुनी कोणती बंद आणि नवी कोणती सुरू हे तिच्यावर लिहिलेलं असावं, आणि रात्री विचारायला एक चालू दूरध्वनी क्रमांक असावा. 'विशेषणं सगळ्यात शेवटी,' ते म्हणाले, 'आणि तीही परवडतील तेवढीच. साहेब विशेषण आधी वाचतो आणि म्हणतो, बाई रागावलेली आहे. तारखा आधी वाचल्या तर राग त्यालाच येतो.'

'शॅम्बॉलिक' ठेवायचा की काढायचा यावर बराच खल झाला. तसा तो बोलीकडे झुकणारा शब्द. वर्तमानपत्रं आणि खासदार तो सर्रास वापरतात, पण औपचारिक पत्रात तो आला की जरा सूर चढतो. मैत्रीण म्हणाली, 'इतकं तरी राहू दे, नाहीतर वाटायचं मला काही वाटलंच नाही.' तिचं खरं होतं. आपली माणसं इथे तक्रार करताना एक तर फारच नमतं घेतात, 'तुम्हाला त्रास देतो आहोत, क्षमस्व' अशी सुरुवात करतात, नाहीतर एकदम भडकतात. मधलं काही जमत नाही, कारण परक्या भाषेत किती आवाज चढवला म्हणजे तो योग्य चढला, हे कानाला कळत नाही. आईच्या भाषेत ते आपोआप कळतं. 'भोंगळ' कुठे थांबतो आणि 'नालायक' कुठे सुरू होतो हे सांगायला कोश लागत नाही.

शेवटी तो शब्द राहिला, एकदाच, सहाव्या परिच्छेदात आणि योग्य नामाच्या मागे. 'शॅम्बॉलिक' होती ती घरी सोडण्याची प्रक्रिया. परिचारिकेचा उल्लेख एका वेगळ्या वाक्यात आला, गर्दीत एकटी असूनही तिने आस्थेने वागवलं म्हणून आभाराचा. काकांनी ते वाक्य पुन्हा एकदा मराठीत सांगायला लावलं आणि मान डोलावली.

हा शब्द राजकारणात किती वर चढला आहे तेही सांगायला हवं. २००९ साली 'द थिक ऑफ इट' नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेत, सरकारी खात्यांतल्या धावपळीची टर उडवताना, लेखकांनी 'ऑम्नीशॅम्बल्स' असा शब्द घडवला. म्हणजे चहूबाजूंनी, सर्व अंगांनी शॅम्बल्स. २०१२ साली तेव्हाचे विरोधी पक्षनेते एड मिलिबँड यांनी तो भर संसदेत सरकारच्या अर्थसंकल्पाला उद्देशून वापरला आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डने ब्रिटनसाठी वर्षाचा शब्द म्हणून त्याची निवड केली. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेचे मिट रॉम्नी लंडनला येऊन ऑलिम्पिकच्या तयारीबद्दल शंका बोलून बसले, तर लगेच 'रॉम्नीशॅम्बल्स' तयार! खाटकाच्या बाकाने एवढी मजल मारली. आमच्या शनिवारच्या मुलांना मी ऑम्नीशॅम्बल्ससाठी मराठी शब्द शोधायला सांगितलं. 'महागोंधळ', 'गोंधळच गोंधळ', एकाने तर 'सर्वगबाळ' काढला. मी 'सावळागोंधळ' सुचवला. त्यावर, सावळा का, काळा किंवा पांढरा का नाही, असा प्रतिप्रश्न आला आणि पोहे थंड झाले.

पत्राला पाच आठवड्यांनी उत्तर आलं. दोन पानी, सभ्य, खाली सही असलेलं. त्यात 'शॅम्बॉलिक' हा शब्द कुठेच नव्हता, आमच्या पत्रातला उद्धृत करतानाही त्यांनी तो गाळला होता. होतं ते एवढंच, की त्या दिवशीची व्यवस्था 'आम्ही स्वतःकडून अपेक्षित ठेवतो त्या दर्जाची नव्हती'. पुढे क्षमायाचना, आणि त्याखाली तीन मुद्दे, आमच्याच मागण्यांच्या क्रमाने. पहिला मान्य, दुसरा मान्य, तिसऱ्यावर विचार चालू आहे. मैत्रिणीने ते मराठीत वाचून दाखवलं. काकांनी 'अपेक्षित दर्जाची नव्हती' हे शब्द पुन्हा म्हणायला लावले.

'म्हणजे भोंगळच,' ते म्हणाले. 'इस्त्री केलेलं.' मग चष्मा काढून ते म्हणाले, 'तिसऱ्या मुद्द्याचं स्मरणपत्र महिन्याभराने घाल. संदर्भ म्हणून याच पत्राचा क्रमांक टाक.'

स्मरणपत्र गेलं आहे. या वेळी विशेषण एकही नाही.